पात्यावरचा ठसा

आमच्या घरी खंडेनवमीला पाटावर काय मांडायचे याचा क्रम ठरलेला असे. आधी विळा आणि खुरपी, मग कुऱ्हाड, मग आईची विळी, मग अडकित्ता. मी शिक्षक झाल्यावर त्यात माझ्या फौंटन पेनाची भर पडली. आणि सगळ्यांत शेवटी, जवळजवळ मानाच्या जागी, आज्जाचा चाकू. बाकीच्या हत्यारांना गंध कुणीही लावावे. चाकूला मात्र वडील स्वतः लावत. शेजारच्या कानडी घरात त्याच दिवशी आयुधपूजा चाले. त्यांची पोरे आमच्याकडे आणि आम्ही त्यांच्याकडे हत्यारे बघायला जात असू. त्यांच्याकडे बंदुकीची एक जुनी नळी होती, पण चाकूच्या बाबतीत त्यांनी आमची बरोबरी कधी केली नाही.

निपाणीजवळच्या आमच्या गावात या चाकूची गोष्ट सगळ्यांना पाठ होती. आज्जा पहिल्या महायुद्धात मराठा पलटणीबरोबर मेसोपोटेमियात गेला. तिथे 'कुतलमाऱ्याच्या' लढाईत, म्हणजे कुट-अल-अमारा येथे, एका तुर्की शिपायाच्या खिशातला हा जर्मन चाकू त्याच्या हाती आला. त्याने तो कमरेला बांधून आणला. पुढे मूठ खराब झाली म्हणून वडिलांनी शिकलगाराकडून सांबरशिंगाची नवी मूठ बसवून घेतली. पाते मात्र तेच. 'पाते तेच' हे दोन शब्द वडील ठासून उच्चारत.

मी एम.ए.ला इतिहास घेतला आणि १९९५ पासून सीमाभागातल्या एका मराठी हायस्कुलात तोच विषय शिकवतो. दहावीला पहिले महायुद्ध आले की मी हा चाकू वर्गात नेत असे. पुस्तकातले युद्ध पोरांना दूरचे वाटते, चाकू वाटत नाही. नखाच्या खाचेत नख घालून पाते उघडले की मागच्या बाकावरचेही जागे होत. मग मी त्यांना पात्याच्या बुडाशी असलेला ठसा दाखवी. 'सोलिंगेन' आणि 'जर्मनी' हे दोन शब्द स्पष्ट होते. तिसरा अर्धा झिजलेला, अर्धा मळाने बुजलेला होता. त्यातली पहिली चार अक्षरे तेवढी लागत: आर, ओ, एस, टी. मी सांगे, हा रोस्ट नावाचा कारागीर असणार. अठ्ठावीस वर्षे मी हे सांगत आलो. त्याचे पुढे काय झाले ते यथावकाश येईलच.

चाकू दाखवून मी थेट फिरंगेवर येई, कारण मुठीची गोष्ट तिथे फार छान बसत असे. फिरंग म्हणजे युरोपीय पात्याची तलवार. सोळाव्या आणि सतराव्या शतकांत अशी पाती दख्खनेत मोठ्या प्रमाणात आली. १५१० पासून गोवा पोर्तुगिजांकडे होता. त्यांच्या गलबतांतून पाती उतरत आणि घाट चढून आदिलशाही मुलखात येत. पुढे डच आणि इंग्रज कंपन्यांच्या मालातही तलवारीची पाती असत. मूठ घालून तलवार पाठवण्याची गरज नव्हती, कारण युरोपीय मूठ आपल्या हाताला आणि आपल्या वाराला सोसत नसे. म्हणून पाते तेवढे यायचे. इथला कारागीर त्याला मूठ घडवायचा, पात्याच्या बुडाशी दोन्ही बाजूंनी लोखंडी पट्ट्या बसवून जोड पक्का करायचा, आणि मगच ती आपली फिरंग व्हायची. दांडपट्ट्याची लांब, लवचीक पातीही पुष्कळदा अशीच बाहेरची असत.

या पात्यांपैकी काही स्पेनमधील, काही इटलीतील. पण मोठा हिस्सा जर्मन मुलखातला, म्हणजे पासाउ आणि सोलिंगेन या दोन गावांचा. धावत्या लांडग्याची खूण असलेली पाती आपल्याकडच्या मुठींत बसलेली आजही संग्रहालयांत दिसतात. ही खूण मूळची पासाउची. सोलिंगेनच्या लोहारांनी ती सरळ उचलली. म्हैसूरच्या हैदरअलीच्या काळाशी जोडलेली 'अलेमानी' नावाची एक तलवार जुन्या शस्त्रसूचींत येते. ती जर्मन घोडेस्वारांच्या तलवारीसारखी वाकडी, आणि तिचे नावच जर्मन देशावरून पडलेले. १८७५ साली कोल्हापूरच्या छत्रपतींकडून प्रिन्स ऑफ वेल्सला गेलेली, शिवाजी महाराजांची म्हणून ओळखली जाणारी आणि आज लंडनच्या राजसंग्रहात असलेली तलवार घ्या. तिचेही पाते युरोपीय आणि मूठ हिंदुस्थानी. ते पाते नेमके कोणत्या गावचे याच्या वादात मी पडत नाही. महाराजांच्या तलवारीविषयी बोलताना आपल्याकडे माणसे लवकर तापतात, आणि माझ्या वर्गात तर दरवर्षी एकदोघे तापतच. पाते परदेशी म्हटले की त्यांना कमीपणा वाटे. मी त्यांना म्हणे, उत्तम वस्तू कुठे होते ते ठाऊक असणे आणि ती आपल्या हाताला जुळवून घेणे, यात कमीपणा कसला? आणि मग आज्जाचा चाकू वर धरून, 'हेही तसेच. पाते जर्मन, मूठ आपली.'

सोलिंगेन हे गाव वुपर नावाच्या नदीकाठी आहे, कलोन आणि ड्युसेलडोर्फ या शहरांच्या जवळ. नदीच्या पाण्यावर फिरणारी चाके आणि त्या चाकांवर सहाणा लावलेल्या लहान लहान झोपड्या, हा तिथला मूळ कारखाना. एक घडवणार, दुसरा पाणी देणार, तिसरा धार काढणार, चौथा जुळवणार. प्रत्येक कामाचा वेगळा वर्ग आणि वेगळे नियम. तलवारीची मागणी ओसरली तशी हीच मंडळी सुऱ्या, कात्र्या, वस्तरे आणि खिशातले चाकू करू लागली. पुष्कळसे काम घरोघरी चाले. तयार माल बायका डोक्यावरच्या टोपल्यांतून व्यापाऱ्याच्या पेढीवर पोचवीत आणि पुढच्या कामाचे सामान घेऊन परत येत. निपाणीत वाढलेल्याला हे समजावून सांगावे लागत नाही. पाने आणि तंबाखू घरी आणायची, विड्या वळायच्या, डोक्यावरून कारखान्यात न्यायच्या, तिथे छाट निघालेली निमूट सोसायची. हे चित्र आपण दारातून पाहिलेले आहे.

या गावाच्या इतिहासातला ठशांचा भाग मला सर्वांत रंजक वाटतो. टोलेडोच्या तलवारींना भाव होता तेव्हा सोलिंगेनच्या लोहारांनी आपल्या पात्यांवर टोलेडोच्या कारागिरांची नावे ठोकली. 'आंद्रेआ फेरारा' या इटालियन नावाचा बोलबाला झाला तेव्हा तेही ठोकले, आणि बहुधा चुकीच्या स्पेलिंगने. आपल्याकडचे कारागीर तरी कुठे मागे होते? त्यांनी देशी पात्यांवर फिरंगी ठसे उठवले. एकोणिसाव्या शतकात विलायतेतल्या शेफील्डचे नाव मोठे झाले, तेव्हा जर्मन मालावर शेफील्डचे छाप येऊ लागले. त्यावर ओरड होऊन ब्रिटिश पार्लमेंटने १८८७ साली व्यापारी चिन्हांचा कायदा केला. परदेशी मालावर देशाचे नाव हवे, असा त्याचा रोख होता. हिंदुस्थानातही तसाच कायदा १८८९ साली आला. 'मेड इन जर्मनी' हे शब्द लाज वाटावी म्हणून सक्तीचे केले होते. थोड्याच वर्षांत लोक तेच शब्द बघून माल घेऊ लागले. मग सोलिंगेनच्या नावाचीच नक्कल सुरू झाली. ते नाव वाचवायला जर्मनीला १९३८ मध्ये खास कायदा करावा लागला आणि १९९४ मध्ये तो नव्या नियमांनी पक्का करावा लागला. माझ्या संग्रहात एक चाकू आहे, त्यावर सोलिंगेनचे स्पेलिंग इतके देशी आहे की तो कुठला हे सांगण्याची गरज नाही. कापतो मात्र बरा.

आपल्या भागाला जर्मन मालाची आणि माणसांची ओळख तशी जुनी. बासेल मिशनचे पाद्री १८३७ मध्ये धारवाडला आणि १८३९ मध्ये हुबळीला आले. मिशन स्विस गावचे, पण पाद्री बरेचसे जर्मन. १८९४ चा कानडी-इंग्रजी कोश करणारा फर्डिनंड किटेल त्यांच्यातलाच, आणि आपल्या घरांवरचे मंगळुरी कौलही त्यांच्याच कारखान्यापासून सुरू झालेले. पहिले महायुद्ध पेटल्यावर या देशातल्या जर्मनांना नगरच्या छावणीत नेले. काही जर्मन कुटुंबे, बायकामुलांसह, बेळगावात ठेवली होती. कॅम्पातून सकाळी फिरायला जाणाऱ्या किती जणांना हे ठाऊक असेल?

शब्दांचीही गंमत आहे. आपल्या बायका ॲल्युमिनियमच्या पातेल्याला 'जर्मनचे' म्हणतात. हे नाव जर्मन सिल्व्हरवरून आले. तांबे, निकेल आणि जस्त यांच्या त्या मिश्रधातूत चांदी नावालाही नसते. भांडी बदलली, धातू बदलला, नाव राहिले. चाकू हा शब्द तर फारसीतून आला, आणि फारसीत तुर्की वाटेने. कानडीतही चाकूच. म्हणजे तुर्काच्या खिशातून आलेल्या वस्तूचे आपल्या दोन्ही भाषांतले नावही त्याच वाटेवरचे.

पण जर्मन पोलादाची खरी पारख आपल्याकडे न्हाव्याला होती. सोलिंगेनचा वस्तरा ही न्हाव्याची इस्टेट. बापाकडून मुलाकडे जायची. चामड्याच्या पट्ट्यावर चार हात मारले की आणखी एक दाढी. अर्ध्या ब्लेडीचे वस्तरे आले, रोगराईची भीती आली आणि गेल्या तीस-चाळीस वर्षांत ही पाती पेटीच्या तळाशी गेली. दुसरी पारख कलमे बांधणाऱ्या माळ्याला. रॉयटलिंगेनच्या टीना कंपनीचा कलमाचा चाकू एका बाजूनेच घासलेला असतो, म्हणून काप सपाट पडतो आणि डोळा नीट बसतो. असा एक माझ्याकडे आहे. त्याच्या आधीच्या मालकाने बेळगावच्या आसपास आंब्याची किती कलमे बांधली असतील, याचा हिशेब पात्याच्या रुंदीवरूनच लागतो. ते झिजून बोटाच्या निम्मेही उरलेले नाही.

आता आज्जाकडे वळू.

२०२३ च्या दिवाळीत माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. तो कलोनला एका कंपनीत इंजिनिअर आहे. फराळ झाल्यावर त्याने चाकू मागितला. वर्गात लांबून पाहिलेला आता हातात घ्यायचा होता. त्याने पाते उघडले, खिशातल्या मोबाइलचा दिवा ठशावर धरला, टाचणीने खाचेतला मळ हळूच काढला आणि बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "सर, रागावू नका. हे माणसाचं नाव नाही. रोस्टफ्राय असं आहे. म्हणजे न गंजणारं."

रागावण्यासारखे काहीच नव्हते. पाय मात्र गळाले. कारण त्या शब्दाचा अर्थ मला दोन पावले पुढचाही लागला होता. न गंजणाऱ्या पोलादासाठी क्रुप कंपनीने पेटंटचा अर्ज केला १९१२ साली. शेफील्डला हॅरी ब्रिअर्लीने आपले पोलाद वितळवले १९१३ मध्ये. पुढच्याच वर्षी युद्ध सुरू झाले. खिशातल्या चाकूंवर 'रोस्टफ्राय' सर्रास दिसू लागते ते १९२० नंतरच्या काळात. हा ठसा असलेला चाकू मेसोपोटेमियात एखाद्या तुर्की शिपायाच्या खिशात असणे जवळजवळ अशक्य. आणि आमच्या घरातली गोष्ट तर उलटी सांगत होती: मूठ बदलली, पाते तेच.

रात्रभर झोप आली नाही. सकाळी ट्रंकेतून आज्जाचे पलटणीतून सुटल्याचे कागद काढले. ते मी पूर्वी पाहिले होते, पण वाचले नव्हते. या दोन गोष्टींतला फरक मी दरवर्षी मुलांना समजावून सांगतो. कागदावर पलटण होती ११४ वी मराठा. कुटच्या वेढ्यात ७ डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत अडकलेल्या मराठा पलटणी तीन: १०३, ११० आणि ११७. घोड्याचे मांस खायची पाळी आली ती त्यांच्यावर, आणि शरणागतीनंतर वाळवंटातून चालत गेले तेही तेच. ११४ वी त्यात नव्हती. तिचे नाव गाजले ते युद्धाच्या अगदी शेवटी, ऑक्टोबर १९१८ मध्ये, टायग्रिसच्या काठी शरकत येथे. तिथे तुर्की फौज शरण आली आणि हजारो कैदी हाती लागले. पुढे १९२२ च्या फेररचनेत हीच पलटण बेळगावला शिक्षण देणारी पलटण झाली. आपल्या मराठा सेंटरची ती एक जुनी मुळी.

म्हणजे आज्जा लढला होता यात शंका नाही. फक्त कुट नव्हे, शरकत. कुटचे नाव मोठे म्हणून गोष्टीने ते उचलले असावे, लोहाराने टोलेडोचे नाव उचलावे तसे. तुर्काजवळ जर्मन चाकू असणेही नवलाचे नव्हते. त्यांच्या बंदुका जर्मन माउझर, आणि कुटच्या वेढ्याच्या वेळी तिथल्या तुर्की सैन्याचा सेनापती फॉन डर गोल्ट्झ हा जर्मनच. प्रश्न एवढाच की आज्जाने आणलेला चाकू हा नसेल, तर हा कुठला आणि तो कुठे?

वडील जाऊन बारा वर्षे झाली. विचारायला एकच माणूस उरले होते, संकेश्वरची आत्ती. नव्वदीला टेकलेली. सासर कानडी, त्यामुळे बोलणे अर्धे मराठी, अर्धे कानडी. आठवण मात्र लख्ख. मी चाकू तिच्या हातात दिला आणि मुद्दाम काही सुचवले नाही. साक्षीदाराच्या तोंडी शब्द घालू नयेत हे आमच्या विषयाचे पहिले पथ्य.

तिने चाकू उलटासुलटा केला. म्हणाली, "ह्यो तुझ्या बापाचा. आज्जाचा न्हवं."

"आत्ती, मग आज्जाचा?"

"त्यो हिरीत हाय."

मग तिने सांगितले ते असे. साल १९५७ च्या सुमाराचे. विहिरीचा गाळ काढायला वडील आत उतरले आणि कनवटीचा चाकू पाण्यात गेला. आज्जाने तो तंबाखूचे शेंडे खुडायला त्यांना दिला होता, तोही मोठ्या मिनतवारीने. आठ दिवस त्यांनी गळ टाकला. मिळाला नाही. आज्जाला तोवर मोतीबिंदू झाला होता, त्यामुळे चारदोन दिवस निभावले. पण रोज रात्री तो चंची चाचपून विचारी, 'चाकू कुठाय?' वडील सांगत, 'मूठ ढिली झालीया, शिकलगाराकडं दिलाय.' स्वातंत्र्यानंतर असा परदेशी माल इथे सहजी मिळत नव्हता. मिळे तो पोर्तुगीज गोव्यात. पण १९५५ पासून गोव्याची नाकेबंदी होती. तरीही घड्याळे, ब्लेडी, पेने या ना त्या वाटेने घाट चढून बेळगावात येतच होती. आपल्या भागातल्या जुन्या घरांत अशी एखादी 'गोव्याची वस्तू' निघतेच. कुणाच्या तरी हाताने वडिलांनी जर्मन चाकू मागवला. आला तो सांबरशिंगाच्या मुठीचा. किंमत किती पडली ते आत्तीला माहीत नाही. त्या वर्षी वडिलांनी दिवाळीला स्वतःला काही घेतले नाही, एवढे माहीत आहे.

"आज्जाला कळलं न्हाई?" मी विचारले.

"कळल्याबिगर ऱ्हातंय? पयल्या रातीच कळलं. पेरू कापला, फोडी आमास्नी दिल्या. मग चाकू मिटाया गेले तर अंगठा पाठीवर फिरला. जुन्याला पाठीवर खटका हुता, त्यो दाबल्याबिगर मिटायचा न्हाई. ह्याला न्हाई. जरा थांबले. मग मिटला आन् चंचीत ठेवला. तुझ्या बापाला म्हणाले, 'चांगली बसवलीया रे मूठ.'"

आज्जा त्यानंतर तेरा-चौदा वर्षे जगला. शेवटपर्यंत तो चाकू त्याच्या चंचीत होता. मुठीचा विषय पुन्हा निघाला नाही.

मी पुढे विचारले, जुना कसा होता? ती म्हणाली, मूठ पत्र्याची, काळी, चपटी. रोज खोबरेल लावायला लागे. मिरगाचा पाऊस लागला की एका रात्रीत तांबूस व्हायचा. "आन् मुठीवर मांजर हुतं. उडी मारतंय असं." मी वहीत लिहिता लिहिता थांबलो. खोबरेलाचे समजले: साधे पोलाद, न गंजणारे नव्हे, म्हणजे काळ जुळत होता. पण मांजर?

तिथून माझा संग्रह सुरू झाला. खडेबाजार, कॅम्प, निपाणी आणि गडहिंग्लजचे आठवडी बाजार, भंगारवाले, निवृत्त फौजींची घरे. सुटीच्या दिवशी माझा हाच उद्योग. आज अठरा चाकू आहेत. ठसा वाचण्याचे आडाखे आता जमतात. नुसते 'जर्मनी' असले तर बहुधा १८९० च्या पुढचे. 'डी.आर.जी.एम.' ही अक्षरे १८९१ नंतरची, कारण नमुन्यांची नोंदणी तेव्हा सुरू झाली. 'वेस्ट जर्मनी' असले तर १९४९ ते १९९० च्या मधले. जुळी माणसे असली तर झ्विलिंग, ही खूण १७३१ पासूनची. झाड असले तर बोकर, १८६९ मध्ये सुरू झालेला कारखाना. शाळेत मुलांकडून जप्त केलेल्या चाकूंचा माझा एक वेगळा खण आहे, त्यात मात्र इतिहासाला उपयोगी असे काही निघालेले नाही.

मांजर भेटले बेळगावात, एका दिवंगत सुभेदाराच्या घरी. ते दुसऱ्या महायुद्धात मराठा पलटणीबरोबर इटलीत होते. १९४५ च्या एप्रिलमध्ये ज्या सेनिओ नदीवर नामदेव जाधव यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, त्याच मोहिमेतले. नातवाने कपाटातून काढून दिला: दुमडलेल्या पत्र्याची काळी मूठ, पाठीवर खटका आणि मुठीवर उडी घेणारे मांजर, शेजारी के-५५-के ही अक्षरे. सोलिंगेनच्या काउफमान यांचा हा मर्केटर चाकू. एकोणिसाव्या शतकापासून चालत आलेला, स्वस्त, दणकट, जर्मन शिपायांच्या खिशात दोन्ही महायुद्धांत असलेला. मी तो आत्तीकडे नेला. तिला आता नीट दिसत नाही. तिने पाते उघडले, बोट फिरवले आणि मिटायच्या वेळी तिचा अंगठा आपोआप पाठीवर गेला.

यावरून एवढेच सिद्ध होते की आज्जाकडे या जातीचा चाकू होता. तो शरकतला तुर्काच्या खिशातून आला, की बसऱ्याच्या बाजारातून, की परतताना मुंबईच्या गोदीत विकत घेतला, याला कागद नाही. मी ते गृहीत धरणार नाही. एकदा पोळलो आहे.

वापराविषयी थोडे. संग्रहातले चाकू मी कपाटात कोंडून ठेवत नाही. साध्या पोलादाचा चाकू लिंबू किंवा कैरी कापली की काळा पडतो. पडू द्यावा, तो रंगच पुढे गंज अडवतो. तंबाखूचा चिकट रस मात्र लगेच पुसावा. बेळगावच्या पावसाळ्यात खोबरेलाचा हात रोज हवा, आज्जा करायचा ते बरोबरच होते. सायकलचे चाक फिरवून धार लावणारा दारात आला तर त्याला विळी द्यावी, हा चाकू नव्हे. कोरड्या दगडावर पाते तापते, निळसर डाग पडतो आणि तिथले पाणी उतरते. मग कितीही घासा, धार टिकत नाही. ओल्या निसण्यावर, पात्याची पाठ किंचित उचलून, हलक्या हाताने वीस-पंचवीस वेळा. हे मला एका शिकलगारानेच शिकवले. त्याचे पूर्वज तलवारींना मुठी बसवत.

त्यालाच मी वडिलांचा चाकू दाखवला होता. मुठीच्या खिळ्यांकडे पाहून तो म्हणाला, "ही इथं बसवलेली नाही मास्तर. कारखान्याची आहे." ते खरेच. पण शिंग? आपल्या देशातले सांबरशिंग शेफील्ड आणि सोलिंगेनच्या कारखान्यांत मुठींसाठी पोत्यांनी जात असे. वन्यजीवांचे कायदे कडक झाले तेव्हा ते थांबले. म्हणजे फिरंगेच्या काळात तिकडचे पाते मुठीसाठी इकडे येई आणि पुढे इकडचे शिंग पात्यासाठी तिकडे जाई. 'पाते जर्मन, मूठ आपली' हे वर्गातले माझे वाक्य, कसे कोण जाणे, खोट्या गोष्टीच्या आधारावर खरे निघाले.

१९९५ पासून माझ्या वर्गात बसलेल्या सर्वांना गाठणे मला शक्य नाही. त्यांच्यातले पुष्कळ जण हा अंक घेतात, म्हणून इथेच सांगतो. वहीत तीन दुरुस्त्या कराव्यात. कुट नव्हे, शरकत. रोस्ट नावाचा कारागीर नव्हता. आणि चाकूची मूठ बदललेली नाही, चाकूच बदललेला आहे.

विहीर अजून आहे. येत्या चैत्रात पंप लावून गाळ काढायचे ठरले आहे.